कळा सुरू झाल्यावरचा पहिला फोन

आठव्या महिन्याच्या तपासणीला मी मुलीबरोबर हिंगणघाटला गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हाला पंचवीस मिनिटं दिली. बाहेर चौदा बाया बसलेल्या होत्या, म्हणून मला ते लक्षात राहिलं. एरवी तिथं पाच मिनिटांत काम आटोपतं. त्या दिवशी वेळ लागला, कारण मुलीनं प्रश्न लिहून आणले होते आणि सगळे प्रश्न एकाच गोष्टीचे होते. बाळंतपणात दुखणं कमी करायला तुमच्याकडे काय काय आहे?

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. एक, काहीच न घेणं. फिरायचं, श्वास धरायचा-सोडायचा, कंबर रगडून घ्यायची. दुसरं, कमरेत द्यायचं इंजेक्शन. त्यानं दुखणं जात नाही, त्याची धार कमी होते आणि गुंगी येते. बाळ अगदी यायला झालं की ते देत नाहीत, कारण बाळही सुस्त होतं. तिसरं, पाठीच्या मणक्यापाशी बारीक नळी बसवून त्यातून औषध देणं. कळा येतात, पण पोटाखालचं दुखणं बहुतेक जाणवत नाही. बाई जागी राहते. हुंगायचा गॅसही असतो म्हणाल्या, पण तो आमच्याकडे नाही, नागपूरला कुठं कुठं मिळतो.

"मले तिसरं पाह्यजे," मुलगी म्हणाली. तिनं ते घरूनच ठरवून आणलं होतं.

मी विचारलं, "पाठीतल्या सुईनं जन्मभर पाठ दुखते म्हणतात नं?"

"ज्यांनी कधी घेतली नाही त्यांचीही दुखते, काकू. तुमची दुखते का?"

माझी दुखते. 

मग त्यांनी एक अट सांगितली. पाठीतली नळी त्या स्वतः बसवत नाहीत. त्यासाठी भूल देणारे डॉक्टर वर्ध्याहून येतात. त्यांची दिवसभर इकडे तिकडे ऑपरेशनं असतात. "कळा सुरू झाल्या की पहिला फोन मला करायचा. कळ खरी की खोटी ते मी बघीन. तुम्ही ठरवत बसू नका. मी त्यांना कळवते, आणि त्यांना यायला दोन तास तरी धरा." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, कारण पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि माहेर म्हणजे मी. मी मान हलवली. नंबर दोन्ही फोनमध्ये घातला.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्याकडे कळा सुरू झाल्या की कुणाला सांगत नाहीत. जितक्या कानांवर जाईल तितका वेळ बाई अडकते, असा समज आहे. बाईला दवाखान्यात नेतानासुद्धा मागच्या दारानं नेतात, आणि कुणी विचारलंच तर डोळे तपासायला चाललो म्हणतात. माझ्या सासूबाईंनी हे मला सांगितलं. त्यांना त्यांच्या सासूनं. इतर बाबतीत मी असलं काही पाळत नाही. वडनेरात मी अकरा वर्षं दूध संकलन केंद्र चालवते. रोज सकाळ-संध्याकाळ साठ-पासष्ट जणांचं दूध मोजते, फॅट काढते, आकडा लिहिते. माझ्या आकड्याबद्दल आजवर तीनदा तक्रार झाली, आणि तिन्ही वेळा पुन्हा तपासल्यावर आकडा माझाच बरोबर निघाला. पण या एका बाबतीत माझ्याकडे स्वतःचे दोन आकडे होते. ही मुलगी झाली तेव्हा शेजारणीनं मला ओट्यावर वाकलेलं पाहिलं, अर्ध्या तासात गल्लीभर झालं, आणि मी सव्वीस तास अडकले. मुलाच्या वेळी नवऱ्याशिवाय कुणालाच कळू दिलं नाही, सात तासांत मोकळी झाले. सव्वीस आणि सात. दुसरं बाळंतपण तसंही लवकर होतं, हे कुठल्याही नर्सनं सांगितलं असतं. मी कुणाला विचारलंच नाही. एका गाईच्या दोन वेळच्या दुधावरून मी कधी तिची फॅट ठरवली नसती. इथं मात्र ठरवून बसले होते.

तो एप्रिल होता. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एक हात चौकटीवर, एक कमरेवर.

"आई, दुखून राह्यलं. कालसारखं नाई. वेगळंच आहे."

मी केंद्रावर जायच्या घाईत होते. पिशवी खाली ठेवली. केंद्रावर नवऱ्याला पाठवलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. मग दुधाच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळा लिहायला सुरुवात केली. सहा वीस. सहा चौतीस. सहा सत्तेचाळीस. सात वाजेपर्यंत अंतर तेरा मिनिटांवर होतं, म्हणजे घाई करण्यासारखं काही नव्हतं. पाच मिनिटांवर आलं की फोन करू, असं मी ठरवलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट ठरवत बसू नका, असंच सांगितलं होतं.

फोन न करण्याची कारणं माझ्याकडे भरपूर होती. कळा खोट्या निघाल्या तर वर्ध्याचा माणूस उगाच धावत येईल. दवाखान्याच्या काउंटरवर बसणारी पोरगी आमच्याच गावची. मी तिकडे फोन केला की तिला कळणार, तिच्या आईला कळणार, आणि दहा मिनिटांत दुधाच्या रांगेत कळणार. एक फोन म्हणजे साठ कान, असा हिशेब मी मनात केला. फोन डॉक्टरबाईंच्या हातातल्या मोबाइलवर जाणार होता, काउंटरवर नाही, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही. किंवा सुचूनही मी ते बाजूला सारलं असेल. आता नक्की सांगता येत नाही.

पावणेआठला ती आंघोळीला गेली. गरम पाण्यानं बरं वाटतं म्हणाली. आतून तिनं विचारलं, "केलता का फोन डॉक्टरले?"

"हाव," मी म्हटलं.

"काय म्हणे?"

"या म्हणे. घाई नाई."

एवढंच. विचार करून बोलले नव्हते, पण ते चुकून निघालं असंही नव्हतं. तिच्याजवळ स्वतःचा मोबाइल होता. डॉक्टरांचा नंबर होता. मी "हाव" म्हटलं नसतं, तर तिनं टॉवेल गुंडाळल्यागुंडाळल्या स्वतः फोन केला असता. पुण्याला तिच्या नवऱ्याला तिनं निरोप धाडलाच होता, आणि तो निघालाही होता. ते कळलं तेव्हा मी तिच्यावर चिडले. "काऊन सांगतलं त्यांले आत्तापासून?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, त्याचं बाळ आहे ते."

साडेआठनंतर तिचं बोलणं कमी झालं. कळ आली की ती पलंगाच्या कठड्याला धरून उभी राहायची आणि कळ उतरेपर्यंत फरशीच्या एकाच जोडाकडे बघायची. मी वेळ लिहायची. नऊ आठ. नऊ सोळा. नऊ चोवीस. ती मध्येच म्हणाली, "ते वर्ध्याचे डॉक्टर निघाले असतील नं?" मी म्हटलं, "असतील." तेव्हा तिच्या तोंडावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. ती त्या माणसाच्या येण्यावर तग धरून होती, आणि तो माणूस कुठून निघालाच नव्हता.

दहा वाजून दहा मिनिटांनी अंतर पाचवर आलं. नवऱ्यानं गाडी मागच्या दाराशी लावली. "डॉक्टरले सांगतलं नं?" त्यानं मला हळूच विचारलं.

"तुम्ही गाडी चालवा."

हिंगणघाट बावीस किलोमीटर. तेवढ्या रस्त्यात तिला सात कळा आल्या. रस्त्यावरून मी फोन करू शकले असते. ती माझ्या खांद्याला लागून होती. मी बोललेलं तिला ऐकू गेलं असतं, म्हणून केला नाही.

अकराला पोचलो. डॉक्टरबाईंनी तपासलं, गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं. हातमोजे काढता काढता त्यांनी विचारलं, "केव्हापासून दुखतंय?"

"सहा वीसपासून," मी म्हटलं. वेळ सांगायला मला कधी अडत नाही.

"आणि फोन?"

मुलगीच बोलली, "आईनं केलता नं सकाळी. तुम्ही घाई नाई म्हटलं."

डॉक्टरबाईंनी खिशातून मोबाइल काढून पाहिला. त्यांनी तो पाहायला नको होता असं मला वाटलं. "मला नाही आला फोन," त्या म्हणाल्या.

 मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात कळ आली आणि तिला डोळे मिटावे लागले. ती कळ उतरल्यावर तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरबाई बाहेर जाऊन वर्ध्याला बोलल्या. पाच मिनिटांनी आल्या. तिथले डॉक्टर दहा वाजता एका ऑपरेशनला शिरले होते, त्यानंतर लगेच एक सिझर ठरलेलं होतं. तिथंही कुणाची तरी मुलगीच टेबलावर येणार होती. "सकाळी कळलं असतं तर ते आधी इकडे येऊन गेले असते," डॉक्टरबाई म्हणाल्या. रागानं नाही. एकदाच म्हणाल्या. "आता दोन-अडीचला मोकळे होतील म्हणतात. मी दुसरीकडेही विचारते." दुसरीकडे त्यांनी दोन फोन केले. एक जण बाहेरगावी होता, दुसऱ्यानं उचलला नाही.

मग त्या मुलीच्या खाटेशी बसल्या. "बघ, बाळा. कमरेतलं इंजेक्शन मी आत्ता देऊ शकते. अर्ध्या तासात थोडा आराम पडेल. नंतर ते डॉक्टर आले तर पाठीतलंही देता येईल. पण उशीर झाला की मी हे देणार नाही. ठरव."

मुलीला गुंगी नको होती. लहानपणी एकदा हात मोडला होता, तेव्हा गुंगीच्या औषधानं तिला इतक्या उलट्या झाल्या होत्या की पुढं तिला गाडीत झोप आली तरी भीती वाटायची. बाळ सुस्त होतं हेही तिच्या डोक्यात बसलं होतं. ती म्हणाली, "दोन वाजता येतील नं ते? मंग मी थांबतो."

हिशेब माझ्यापुढे स्पष्ट होता. दोन-अडीचला मोकळे होतील म्हणजे अडीच धरायचे. माझ्याकडे दुधाची गाडी 'दहा मिनिटांत येतो' म्हणते तेव्हा चाळीस मिनिटं धरावी लागतात. अडीचला हात धुऊन निघायला पावणेतीन. वर्ध्याहून रस्ता तासभर. म्हणजे पावणेचार. आणि हिच्या कळा मी सकाळपासून लिहीत होते. अंतर ज्या वेगानं कमी होत होतं, त्यावरून पावणेचारपर्यंत फार काही उरेल असं वाटत नव्हतं. आयुष्यात इतका खात्रीचा आकडा माझ्याकडे क्वचितच आला असेल.

"बेटा, ते साडेतीनच्या आधी नाई येत," मी म्हटलं. "कमरेतलं घेऊन घे. आत्ताच घे."

"तू मले टाइम सांगू नको."

"अवं, मी खरं सांगून राह्यली. ही कागदावर वेळ..."

"तुया तोंडचा टाइम मले नाई पाह्यजे." ती ओरडली नाही. दात आवळून बोलली. मग नर्सकडे वळली. "सिस्टर, तुम्ही सांगा. येतील नं दोनला?"

नर्स बिचारी तरुण होती, तिला काय माहीत. "येतील नं ताई. सर टाइमावर येतात."

"मंग थांबतो मी."

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. "आई, तुम्ही काय म्हणता?"

"आईंना नका विचारू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिचं तिला ठरवू द्या." आणि ते बरोबरच होतं. कागदावर सही तिचीच चालते. मी सांगितलेला आकडा बरोबर होता आणि तो कुणी घेईना. अकरा वर्षांत असं माझ्याबाबत कधी झालं नव्हतं, आणि त्यात दुसऱ्या कुणाची चूक नव्हती. मी हात जोडून म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही तरी तिले समजावा." त्या म्हणाल्या, "मी दोन्ही सांगितलं आहे, काकू. जबरदस्ती नाही करत."

साडेबारापासून पुढचं मला मिनिटांनुसार आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं.

कळा तीन मिनिटांवर आल्या. ती आधी उभी होती, मग गुडघ्यांवर, मग खाटेच्या कडेला डोकं टेकवून. मी कंबर रगडायला हात लावला, तर तिनं तो झटकला. "हात नको लावू." मी बाजूला झाले. तिथं एक मावशी होती, साठीच्या पुढची, दवाखान्यातच म्हातारी झालेली. तिनं पदर खोचला आणि मुलीच्या कमरेवर मूठ ठेवून जोर दिला. "ओरड वं माय, ओरड. इथं कोन तुया सासरचं बसलं आहे?" मुलगी ओरडली. मी माझ्या दोन्ही बाळंतपणांत ओरडले नव्हते, आणि तिनंही ओरडू नये असं मी सातव्या महिन्यात तिला सांगितलं होतं. तेही त्या आवाजात मला ऐकू आलं.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मावशीनं मला हटकलं, "घडीकडं काय पाह्यता? घडी बाळंत हून राह्यली का?" नर्स हसली. मुलगीही एक क्षण हसल्यासारखी झाली, आणि लगेच पुढची कळ आली.

सव्वाला डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. चारावरून सातावर गेलं होतं. "फार भरभर चाललंय," त्या म्हणाल्या. एरवी ही चांगली बातमी असते. मुलीनं त्यांचा कोट धरला. "ते कमरेतलं द्या. द्या आता. होऊ द्या गुंगी."

"आता नाही, बाळा. बाळ दीड-दोन तासांत येईल असं दिसतंय. आता दिलं तर ते सुस्त निघेल, श्वास घ्यायला त्रास होईल."

"मंग सिझर करा. कापा मले. डॉक्टर, खरंच कापा."

"त्यालाही भूल देणारे तेच लागतात गं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज खाली आला.

मी बाहेर गेले. नवरा जिन्याजवळ उभा होता. आवाज त्याच्यापर्यंत येत होताच. "नागपूरले नेऊ का?" त्यानं विचारलं. दीड तासाचा रस्ता, वाटेत जाम गावच्या चौरस्त्यावरची गर्दी. गाडीतच बाळंत झाली असती. मी नाही म्हटलं. "मंग करू काय मी?" तो म्हणाला. मी काउंटरवरच्या पोरीकडून वर्ध्याच्या त्या दवाखान्याचा नंबर घेतला आणि त्याच्या फोनवरून लावला. आता सगळ्या गावाला कळलं असतं तरी मला चाललं असतं. तिथल्या बाईंनी सांगितलं, सर आत आहेत, निरोप देते. मी म्हटलं, "अवो, माई पोरगी मरून राह्यली." ती मरत नव्हती. तिचे ठोके, बाळाचे ठोके, सगळं ठीक होतं. पण मी तसंच म्हटलं. तिकडची बाई शांतपणे म्हणाली, "इथंही बाईच आहे, ताई." मी फोन ठेवला.

आत येऊन मी मुलीच्या डोक्याशी उभी राहिले आणि म्हटलं, "मी फोन नाई केला. मी खोटं बोलली. चूक झाली माई." ते सांगायची ती वेळ नव्हती. तिला माहीतच होतं. तिनं डोळे न उघडता म्हटलं, "मले आत्ता हे काऊन सांगून राह्यली? थांबव नं हे. थांबव." मला काही थांबवता येत नव्हतं. मी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला, तो तिनं राहू दिला. दोन मिनिटांनी काढून फेकला.

दोन वाजले. ती मावशीला म्हणाली, "दोन वाजले नं? आले का?" अडीच वाजले. तिनं विचारणं बंद केलं. मला ते विचारणं बंद झाल्याचं जास्त लागलं. तिनं मावशीचा हात धरला होता, आणि मावशीच्या मनगटावर तिच्या नखांचे चार लाल चंद्र उमटले होते. माझे दोन्ही हात मोकळे होते.

वर्ध्याचे डॉक्टर तीन वाजून पस्तीस मिनिटांनी आले. जिना चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती, कपाळावर टोपीचा वळ तसाच होता. जेवलेही नसावेत. दारातून त्यांनी आत पाहिलं. बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. डॉक्टरबाईंनी नुसती मान हलवली. ते दोन मिनिटं बॅग हातात धरून उभे राहिले. "सॉरी ताई," ते मुलीला म्हणाले. तिला ऐकू गेलं नसावं. मग बाहेर जाऊन ते माठातलं दोन पेले पाणी प्याले आणि त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मला सकाळी का नाही कळवलं?" नवऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. "आमची चूक झाली," एवढंच म्हणाला. हे मला नंतर कळलं.

तीन बावन्नला मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम. लगेच रडली. रंग चांगला होता. नर्सनं काटा शून्यावर न आणता वजन घेतलं, म्हणून मी तिला पुन्हा घ्यायला लावलं. दोन किलो सातशे ऐंशी निघालं. तेवढं एक काम माझ्याकडून नीट झालं.

टाके घालायच्या आधी डॉक्टरबाईंनी तेवढा भाग बधिर करायचं इंजेक्शन भरलं. मुलीनं मान उचलून पाहिलं. "आता देऊन राह्यले का सुई?" ती म्हणाली आणि हसायला लागली. मग ते हसणं रडण्यात गेलं आणि बराच वेळ थांबलं नाही. बाळ मावशीच्या हातात होतं.

जावई संध्याकाळी पोचला. तो आल्यावर मी खोलीतून बाहेर पडले आणि बाकावर बसून राहिले. तिनं त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. तो बाहेर येऊन माझ्या पाया पडला, नेहमीसारखा. मी आशीर्वाद दिला, पण त्याच्याकडे बघता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या नणंदेचा सिंदी रेल्वे गावाहून फोन आला. मी बाळाचं दुपटं बदलत होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. मुलगी कुशीवर पडून होती.

"काय वैनी! एकदम कडक ठेवलं पोट्टीले तुम्ही! सुईबिई काई घेतली नाई म्हणे?"

"नाई घेतली."

"वा! आमच्या घरची पोरगी आहे ती. नाई तं आजकालच्या पोट्ट्या! जराशी कळ आली का पाठीत सुई, नाई तं सरळ सिझर. आमच्या जावेच्या सुनेनं तं आधीच दोन्ही बुक करून ठेवलंते, हॉटेलसारखं. सांगजा तिले, आत्यानं शाबासकी देल्ली."

मुलीनं डोळे उघडले होते. ती माझ्याकडे बघत होती. कालपासून पहिल्यांदा सरळ बघत होती. मी "हो, सांगते" म्हणून फोन ठेवू शकले असते. सगळं गाव पुढची दहा वर्षं हेच म्हणणार होतं, आणि त्यात माझंही नाव निघणार होतं, चांगल्या अर्थानं.

"बाई, ऐका," मी म्हटलं. "तिले पाह्यजे होती सुई. आठव्या महिन्यापासून सांगून ठेवलंतं तिनं. डॉक्टरले सकाळीच फोन करायचा होता. मी नाई केला. आणि तिले सांगतलं का केला."

मी दुपट्याची गाठ मारली.

"असू द्या नं वैनी. झालं नं नीट सगळं. लेकरू बरं आहे."

"लेकरू बरं आहे. पण शाबासकी नका देऊ. तिनं सहन केलं ते मायामुळं. तिच्या मनानं नाई."

नणंद म्हणाली, "तुम्ही बी नं वैनी, उगाच मनाले लावून घेता," आणि बारशाचं विचारून फोन ठेवला. तिच्या घरी हे कसं सांगितलं गेलं असेल, ते मला ठाऊक नाही. बहुतेक शाबासकीसारखंच.

बाळ कुरकुरलं, तशी मुलीनं ते जवळ घेतलं.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी पुण्यातच राहीन."

तिच्या आवाजात राग नव्हता. गाडीची वेळ सांगावी तसं तिनं ते सांगितलं. आमच्याकडे बाळंतपणाला मुलगी माहेरी येणार नाही असं कुणी तोंडातून काढत नाही. मी तिला समजावू शकले असते, की पहिलंच माहेरी असतं, दुसरं तसंही सासरी करतात. पण ती काय म्हणते आहे ते मला कळलं होतं.

"बरं," मी म्हटलं.

ती टाक्यांमुळे अवघडून बसली होती. मी उशी हातात घेतली आणि तिच्या कमरेमागे सरकवणार, तोच थांबले.

"ठेवू का?"

तिनं थोडा विचार केला. "आत्ता नको," ती म्हणाली. मी उशी मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिले.